धुराड्यातून निसटणारी उष्णता: उद्योगांतील सहवीजनिर्मिती आणि उष्णतेचा पुनर्वापर

मातीच्या चुलीला जोडून असलेला वैल आता बहुतेक घरांतून दिसेनासा झाला आहे. चुलीतला जाळ मुख्य भांड्याखालून पुढे सरके, त्याची उरलेली धग वैलाकडे जाई आणि तिच्यावर दूध तापे, आमटी गरम राही. त्यासाठी वेगळे सरपण लागत नसे. देशातील साखर, सिमेंट, पोलाद, रसायन आणि काच उद्योग आज ज्या तंत्रज्ञानावर मोठी गुंतवणूक करीत आहेत, त्यामागील तत्त्व याहून निराळे नाही. एकदा पेटवलेल्या इंधनाकडून एकच काम करून न घेता दोन किंवा तीन कामे करून घेणे, हे त्याचे सार होय.

या तत्त्वाची दोन रूपे प्रचलित आहेत. एकाच इंधनातून वीज आणि उपयुक्त उष्णता एकाच वेळी मिळवणे म्हणजे सहवीजनिर्मिती. भट्टी, बॉयलर किंवा रासायनिक प्रक्रियेतून बाहेर पडणारी आणि अन्यथा वाया जाणारी उष्णता पकडून पुन्हा कामास लावणे म्हणजे उष्णतेची पुनर्प्राप्ती. देशातील एकूण वीजवापरापैकी सुमारे दोन-पंचमांश वाटा उद्योगांचा आहे आणि विजेखेरीज कोळसा, वायू व तेल यांचा मोठा हिस्साही कारखान्यांच्या भट्ट्यांतच जळतो. त्यामुळे कारखान्यात वाचलेल्या प्रत्येक टन इंधनाचा संबंध उत्पादनखर्च, इंधनाची आयात, हवेची गुणवत्ता आणि हवामानविषयक आंतरराष्ट्रीय बांधिलकी या चारही गोष्टींशी येतो.

उष्णतेचा ताळेबंद

कोळशावर चालणाऱ्या पारंपरिक औष्णिक वीज केंद्रात इंधनातील शंभर भाग उर्जेपैकी साधारण ३३ ते ३८ भागच विजेच्या रूपाने तारांपर्यंत पोहोचतात. उरलेला बहुतांश भाग शीतन मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून वातावरणात जातो. हा केवळ अभियंत्यांच्या निष्काळजीपणाचा परिणाम नव्हे. उष्णतेचे रूपांतर गतीत करणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही उष्णता थंड बाजूस सोडून द्यावीच लागते, हा निष्कर्ष फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांच्या १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील विवेचनातून पुढे आला. सोडून दिलेली ती उष्णता निरुपयोगीच ठरली पाहिजे, असे मात्र त्या नियमात कोठेही नाही.

सहवीजनिर्मितीचा लाभ एका साध्या गणितातून स्पष्ट होतो. एखाद्या कारखान्याला ३० एकक वीज आणि ५० एकक उष्णता हवी आहे, असे समजू. वीज ३५ टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रातून घेतली, तर तिच्यासाठी सुमारे ८६ एकक इंधन जळते. उष्णता ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून घेतली, तर आणखी साडेबासष्ट एकक इंधन लागते. दोहोंची बेरीज १४८ एककांच्या आसपास जाते. हीच गरज ८० टक्के एकत्रित कार्यक्षमतेच्या सहवीज संयंत्रातून भागवली, तर १०० एकक इंधन पुरते. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश इंधनाची बचत होते. चांगल्या सहवीज संयंत्रांची एकत्रित कार्यक्षमता ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

उष्णतेचे मोल केवळ तिच्या परिमाणावर ठरत नाही, तर तापमानावरही ठरते. साधारणपणे ६५० अंश सेल्सिअसच्या वरील उष्णता उच्च प्रतीची, २३० ते ६५० अंशांमधील मध्यम प्रतीची आणि त्याखालील कमी प्रतीची मानली जाते. भोवतालचे तापमान ३० अंश धरले, तर १,००० अंशांच्या वायूतील उष्णतेपासून सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त ७६ टक्के यांत्रिक कार्य मिळू शकते. ३५० अंशांच्या वायूसाठी ही मर्यादा ५१ टक्क्यांवर आणि १५० अंशांसाठी २८ टक्क्यांवर येते. प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. म्हणून दीडशे अंशांच्या हवेतून वीज काढण्यापेक्षा त्याच हवेने कच्चा माल वाळवणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते.

आधी वीज की आधी प्रक्रिया

सहवीजनिर्मितीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात इंधन जाळून प्रथम उच्च दाबाची वाफ किंवा तप्त वायू तयार केला जातो. तो टर्बाइन किंवा इंजिन चालवून वीज निर्माण करतो आणि त्यातून बाहेर पडलेली, दाब व तापमान कमी झालेली उष्णता कारखान्याच्या प्रक्रियेला दिली जाते. साखर, कागद आणि खत उद्योगांत हा प्रकार रुळलेला आहे, कारण त्यांना दीडशे अंशांच्या आसपासची भरपूर वाफ लागते.

दुसऱ्या प्रकारात क्रम उलटा असतो. प्रथम भट्टीत उत्पादनासाठी इंधन जळते आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंपासून नंतर वाफ व वीज तयार होते. सिमेंट, स्पंज आयर्न, काच आणि गंधकाम्लाचे कारखाने या प्रकारात मोडतात. या प्रकारातील विजेसाठी जादा इंधन जाळावे लागत नसल्याने तिच्यापोटी अतिरिक्त कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत नाही.

या तंत्रांचा इतिहास औद्योगिक क्रांतीइतकाच जुना आहे. स्कॉटलंडमधील जेम्स ब्यूमाँट नीलसन यांनी १८२८ मध्ये लोखंडाच्या झोतभट्टीला थंडऐवजी तापवलेली हवा देण्याची पद्धत आणली आणि कोळशाचा खप लक्षणीयरीत्या घटला. एडवर्ड ग्रीन यांनी १८४५ मध्ये बॉयलरच्या धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंनी पाणी तापवणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. ‘इकॉनॉमायझर’ या नावाने ते आजही प्रत्येक मोठ्या बॉयलरला जोडलेले असते. उर्जा दक्षता ब्यूरोच्या मार्गदर्शक पुस्तिकांतील ठोकताळ्यानुसार धुराच्या तापमानात सुमारे २२ अंशांची घट झाली, की बॉयलरची कार्यक्षमता एक टक्क्याने वाढते. बॉयलरला दिले जाणारे पाणी ६ अंशांनी किंवा ज्वलनाची हवा २० अंशांनी अधिक तापवली, तर सुमारे एक टक्का इंधन वाचते.

धूर मनाला येईल तितका थंड करता येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. इंधनात गंधक असल्यास विशिष्ट तापमानाखाली धुरातील वाफ आणि गंधकाची संयुगे मिळून आम्ल तयार होते आणि नळ्या व धुराडे कुरतडले जातात. त्यामुळे उष्णतेची पुनर्प्राप्ती किती करावी, याचे उत्तर इंधनागणिक बदलते.

साखर कारखाना: रस आटवणारी वाफ आणि वीज

भारतात सहवीजनिर्मितीचे सर्वांत मोठे क्षेत्र साखर उद्योगाचे आहे. उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के चिपाड गाळपानंतर उरते आणि त्यात निम्मे पाणी असते. हे चिपाड, म्हणजे बगॅस, जाळूनच साखर कारखाने पिढ्यानपिढ्या आपली वाफ तयार करीत आले. परंतु जुन्या कारखान्यांतील बॉयलर २१ किंवा ३२ बार अशा कमी दाबाचे असत. जादा चिपाडाला बाजार नव्हता, साठवले तर आग लागण्याचा धोका होता, त्यामुळे ते कार्यक्षमतेने जाळण्याचे कोणतेही प्रलोभन नव्हते. हंगामाअखेर चिपाड संपलेले असणे हीच सोय मानली जाई.

शिल्लक वीज विकण्याची वाट मोकळी झाल्यावर हे अर्थकारण बदलले. केंद्र सरकारने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बगॅसवर आधारित सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर नवे प्रकल्प ६७, ८७ आणि पुढे ११० बार दाबाचे व ५४० अंशांपर्यंत तापमानाचे बॉयलर बसवू लागले. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिचा दाब दोन-अडीच बारपर्यंत उतरला, की उसाचा रस आटवण्यासाठी वापरली जाते. रस आटवण्यासाठी कमी दाबाची वाफच पुरेशी असल्याने वीज जणू मधल्या टप्प्यावर मिळते.

दररोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेता येईल. त्याच्याकडे रोज सुमारे १,५०० टन चिपाड जमा होते. उच्च दाबाच्या संयंत्रात एका टन उसामागे १०० युनिट वीज निर्माण झाली, तर रोजची निर्मिती पाच लाख युनिटांची होईल. कारखान्याच्या स्वतःच्या वापरासाठी टनामागे ३५ युनिट धरल्यास पावणेदोन लाख युनिट खर्च होतील आणि सव्वातीन लाख युनिट वीज ग्रिडला देता येईल. चोवीस तासांच्या सरासरीने ही क्षमता साडेतेरा मेगावॉटच्या घरात जाते. कारखान्यातच वाफेची काटकसर झाली, उदाहरणार्थ रस आटवण्याच्या पात्रांची रचना सुधारली, तर विक्रीयोग्य वीज आणखी वाढते.

देशातील बगॅस सहवीजनिर्मितीची स्थापित क्षमता ९,००० मेगावॉटच्या पुढे गेली आहे. उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू ही त्यातील प्रमुख राज्ये आहेत. महाराष्ट्रात या विषयाला सहकाराचे परिमाण आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा आदर्श पुढे राज्यभर पसरला. अशा कारखान्याचे सभासद ऊस उत्पादक शेतकरीच असतात. साखरेचे भाव पडलेल्या वर्षी उसाची देणी वेळेवर भागवण्यासाठी वीजविक्रीचे उत्पन्न आधार ठरू शकते. मात्र प्रकल्पाचे कर्ज मोठे असते आणि वीज खरेदीचा दर घसरला किंवा देयके रखडली, तर तोच प्रकल्प कारखान्याच्या गळ्यातील धोंडही बनू शकतो.

गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाऊस कमी झाला आणि ऊस घटला, तर तो लवकरच आटोपतो आणि कोट्यवधी रुपयांचे टर्बाइन उरलेले महिने थांबून राहते. साठवलेले चिपाड हंगामाबाहेर वापरून हा काळ काही अंशी भरून काढता येतो. आता त्या चिपाडावर कागद उद्योगाबरोबरच इथेनॉल प्रकल्पांचाही हक्क निर्माण झाला आहे, कारण आसवनीलाही वाफ लागते. काही आसवन्यांत दाट केलेले सांडपाणी पूरक इंधनासोबत खास बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज मिळवली जाते आणि त्यातून प्रदूषणाचा प्रश्नही सोडवला जातो.

सिमेंट: भट्टीच्या दोन टोकांची उष्णता

सिमेंटच्या फिरत्या भट्टीत चुनखडीचे मिश्रण सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर तयार केला जातो. भट्टीच्या दोन्ही टोकांकडून उष्णता बाहेर पडते. एकीकडे कच्चा माल आधीच तापवणाऱ्या मनोऱ्यातून, म्हणजे प्रीहीटरमधून, साधारण ३०० ते ३५० अंशांचा वायू निघतो. दुसरीकडे तप्त क्लिंकर थंड करणारी हवा २५० ते ३०० अंशांपर्यंत तापून बाहेर पडते. या दोन ठिकाणी बॉयलर बसवून टर्बाइन चालवले, तर एका टन क्लिंकरमागे २५ ते ३५ युनिट वीज मिळू शकते. दिवसाला ६,००० टन क्लिंकर तयार करणाऱ्या कारखान्यात टनामागे ३० युनिट धरल्यास ही क्षमता साडेसात मेगावॉट भरते. कारखान्याच्या एकूण विजेच्या गरजेतील २० ते ३० टक्के वाटा अशा प्रकारे भागू शकतो.

पूर्वीच्या आंध्र प्रदेशातील आणि आताच्या तेलंगणातील विष्णुपुरम येथील सिमेंट कारखान्यात जपानच्या ‘नेडो’ या संस्थेच्या सहकार्याने ७.७ मेगावॉटचे असे संयंत्र उभारण्यात आले. भारतीय सिमेंट उद्योगातील ते आरंभीचे संयंत्र होते. त्यानंतर मोठ्या सिमेंट कंपन्यांनी हे तंत्रज्ञान देशाच्या अनेक भागांत स्वीकारले.

अडचणी येथेही आहेत. प्रीहीटरच्या वायूत धुळीचे प्रमाण प्रचंड असते आणि ती बॉयलरच्या नळ्यांवर साचून उष्णतेचे वहन रोखते. राजस्थानसारख्या राज्यांत चुनखडी विपुल, पण पाणी दुर्मीळ आहे. तेथे वाफ थंड करण्यासाठी पाण्याऐवजी हवा वापरणारे संघनक बसवावे लागतात आणि त्यामुळे मिळणारी वीज काहीशी घटते. पावसाळ्यात कच्चा माल ओला असताना तो वाळवण्यासाठीच तप्त वायू अधिक लागतो आणि टर्बाइनच्या वाट्याला कमी येतो.

पोलाद आणि स्पंज आयर्न

एकात्मिक पोलाद कारखान्यात कोकभट्टीतून बाहेर काढलेला कोक हजार अंशांहून अधिक तापलेला, लालबुंद असतो. परंपरेने त्यावर पाणी मारले जाते. मग पांढऱ्या वाफेचा लोट आकाशात जातो आणि त्याबरोबर सगळी उष्णताही जाते. कोरड्या शीतन पद्धतीत हाच कोक बंदिस्त कक्षात नायट्रोजनच्या प्रवाहाने थंड केला जातो आणि तापलेल्या वायूपासून वाफ व वीज मिळवली जाते. पाणी वाचते, धूळ कमी होते आणि कोकची प्रतही सुधारते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याने उभारणीपासूनच ही पद्धत स्वीकारली. त्याच कारखान्यात पुढे सिंटर थंड करणाऱ्या यंत्रणेतील उष्णतेपासून २०.६ मेगावॉट वीज निर्माण करणारे संयंत्रही जपानच्या सहकार्याने बसवण्यात आले. झोतभट्टीच्या माथ्यावरील वायूच्या दाबावर चालणारे टर्बाइन हा याच कुळातील आणखी एक उपाय आहे.

भारत हा जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश आहे. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड आणि पश्चिम बंगाल या राज्यांत कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांचे जाळे आहे. या भट्ट्यांतील वायू ९५० ते १,००० अंशांवर बाहेर पडतो. दिवसाला १०० टन उत्पादनाच्या भट्टीमागे सुमारे दोन मेगावॉट वीज त्यातून मिळू शकते आणि तीच वीज शेजारच्या प्रवर्तन भट्टीत पोलाद वितळवण्यासाठी वापरता येते. लहान भट्ट्यांच्या मालकांना भांडवल परवडत नसल्याने ही उष्णता तशीच सोडली जाते आणि वायू शुद्धीकरण यंत्रणेवर थंड होण्याआधीच जादा भार पडतो.

लहान उद्योगांचा प्रश्न

उष्णतेच्या पुनर्वापराची सर्वाधिक गरज लहान उद्योगांना आहे आणि त्याची साधने त्यांच्याकडेच सर्वांत कमी आहेत. फिरोजाबादचा काच उद्योग हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय. ताजमहालाच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार ताज परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. बांगड्या आणि काचेच्या वस्तूंवर हजारो कुटुंबांची उपजीविका अवलंबून होती. नुसते इंधन बदलले असते, तर महाग वायू जुन्या भट्ट्यांत उधळला गेला असता. ‘टेरी’ या संशोधन संस्थेने स्वित्झर्लंडच्या विकास यंत्रणेच्या साहाय्याने बाहेर जाणाऱ्या वायूने ज्वलनाची हवा तापवणारी नवी भट्टी विकसित केली आणि स्थानिक भट्टीमालकांनी ती स्वीकारली. इंधनाची बचत हाच येथे उद्योग टिकण्याचा मार्ग ठरला.

अशी अनेक उदाहरणे साध्या उपकरणांची आहेत. मोरबीच्या सिरॅमिक कारखान्यांत भाजून निघालेल्या फरशा थंड करताना तापलेली हवा ओल्या फरशा वाळवण्यासाठी वापरता येते. इचलकरंजी, भिवंडी किंवा सुरतच्या कापड प्रक्रिया केंद्रांत रंगाच्या हौदातून बाहेर पडणारे ६० ते ८० अंशांचे सांडपाणी नव्याने येणारे पाणी तापवू शकते. दुग्धशाळांत तर हे तत्त्व नित्याचे आहे. ७२ अंशांपर्यंत तापवलेले दूध बाहेर जाताना ४ अंशांच्या आत येणाऱ्या थंड दुधाला आपली उष्णता देते आणि पाश्चरीकरणाला लागणाऱ्या उष्णतेचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग तेथल्या तेथेच परत मिळतो.

उष्णतेपासून थंडावाही मिळतो. लिथियम ब्रोमाइड आणि पाणी यांच्यावर चालणारी शोषण शीतक यंत्रे वाफ, गरम पाणी किंवा इंजिनाचा धूर वापरून थंड पाणी तयार करतात. वीज, उष्णता आणि थंडावा या तिन्ही गोष्टी एकाच इंधनातून देणाऱ्या संयंत्रांचा उपयोग रुग्णालये, औषधनिर्मिती कारखाने व मोठ्या संकुलांत होतो. अशी शोषण यंत्रे आणि उष्णता पुनर्प्राप्तीचे बॉयलर बनवणाऱ्या देशातील अग्रगण्य कंपन्यांपैकी काही पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत.

कायदा आणि धोरण

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ६ नोव्हेंबर १९९६ रोजी सहवीजनिर्मितीचे निकष ठरवून दिले. इंधनातून आधी वीज काढणाऱ्या प्रकल्पात मिळालेली वीज आणि उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग यांची बेरीज वापरलेल्या उर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक असावी, असा त्यातील एक निकष आहे. नाममात्र वाफ वापरून वीज प्रकल्पाला सहवीजनिर्मितीचे नाव देता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. विद्युत कायदा, २००३ ने सहवीजनिर्मितीची व्याख्या विजेसह दोन किंवा अधिक उपयुक्त उर्जारूपे एकाच वेळी निर्माण करणारी प्रक्रिया अशी केली आणि कलम ८६(१)(ङ) नुसार नवीकरणीय उर्जेबरोबरच सहवीजनिर्मितीलाही प्रोत्साहन देण्याची जबाबदारी राज्य वीज नियामक आयोगांवर टाकली.

येथूनच एक दीर्घ वाद उद्भवला. कोळशासारख्या जीवाश्म इंधनावरील सहवीजनिर्मितीला नवीकरणीय उर्जेच्या बरोबरीने मानावे काय, हा तो प्रश्न होय. विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाने २०१० मध्ये सेंच्युरी रेयॉन विरुद्ध महाराष्ट्र वीज नियामक आयोग या प्रकरणात इंधन कोणतेही असले तरी सहवीजनिर्मितीला कायद्याचे प्रोत्साहन लागू आहे आणि असे संयंत्र चालवणाऱ्या उद्योगावर नवीकरणीय वीज खरेदीचे बंधन लादणे योग्य नाही, असा निर्णय दिला. न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने लॉइड्स मेटल्सच्या प्रकरणात २ डिसेंबर २०१३ रोजी दुसरी बाजू स्पष्ट केली. वितरण कंपन्यांना आपले नवीकरणीय खरेदीचे बंधन पूर्ण करण्यासाठी जीवाश्म इंधनावरील सहवीज घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. कारखान्याच्या दृष्टीने हा वाद शब्दांचा नसून पैशांचा आहे. धुराड्यातील उष्णतेपासून मिळालेली वीज स्वच्छ मानली गेली, तर गुंतवणुकीची परतफेड लवकर होते. ती तशी मानली गेली नाही, तर त्याच कारखान्याला बाहेरून नवीकरणीय वीज किंवा प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात.

उर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी उर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. मोठ्या उर्जाग्राहक उद्योगांना उर्जा व्यवस्थापक नेमणे आणि मान्यताप्राप्त परीक्षकाकडून उर्जा लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक झाले. २०१२ मध्ये ‘पॅट’ योजना सुरू झाली. तिच्यात प्रत्येक कारखान्याला उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे लागणारी उर्जा किती घटवायची, याचे उद्दिष्ट दिले जाते. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्यांना प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे पडलेल्यांना ती विकत घ्यावी लागतात. एक प्रमाणपत्र एक टन तेलाएवढ्या उर्जेच्या बचतीचे असते. २०१२ ते २०१५ या पहिल्या चक्रात आठ क्षेत्रांतील ४७८ उद्योगांसमोर सुमारे ६.६९ दशलक्ष टन तेलसमतुल्य बचतीचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ८.६७ दशलक्ष टनांची बचत साधली गेली. २०२२ मधील कायदादुरुस्तीनंतर जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्यात उर्जेऐवजी उत्सर्जनाच्या तीव्रतेवर भर आहे.

बाहेरचा दबावही वाढला आहे. सिमेंट, लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, खते आदी आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनाची नोंद देणे युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून आवश्यक केले. त्याची आर्थिक अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासूनची आहे. युरोपात पोलाद पाठवणाऱ्या कारखान्याला आता प्रत्येक टनामागे जळालेल्या कोळशाचा हिशेब द्यावा लागतो.

मर्यादा आणि सावधगिरी

उष्णतेची पुनर्प्राप्ती हा पहिला उपाय नसून दुसरा आहे, असे तज्ज्ञ आवर्जून सांगतात. भट्टीतून खूप उष्णता बाहेर पडत असेल, तर ती आधी इतकी का पडते, हे तपासले पाहिजे. गळकी वाफेची नळी, उघडे पडलेले उष्णतारोधक आवरण, ज्वलनासाठी गरजेपेक्षा जास्त सोडलेली हवा आणि वाया जाणारे संघनित पाणी यांवरील उपाय स्वस्त असतात आणि त्यांची किंमत लवकर वसूल होते. सिमेंट भट्टीला प्रीहीटरचे अधिक टप्पे दिले, तर इंधनच कमी लागते, पण त्याबरोबर वीजनिर्मितीसाठी उरणारी उष्णताही घटते. अशा वेळी टर्बाइन चालावे म्हणून भट्टी अकार्यक्षम ठेवणे हा उलटा व्यवहार ठरेल. स्पंज आयर्नच्या भट्टीशेजारी उभारलेल्या वीज प्रकल्पात भट्टीच्या उष्णतेबरोबर वेगळा कोळसा जाळला जात असेल, तर त्या दोन्ही विजेचा हिशेब स्वतंत्र ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

उष्णतेचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. वीज शेकडो किलोमीटर नेता येते, उष्णता मात्र तिच्या उगमाजवळच वापरावी लागते. म्हणून सहवीज संयंत्राचा आकार कारखान्याच्या उष्णतेच्या गरजेवरून ठरवावा, हा सर्वमान्य संकेत आहे. विजेच्या आशेने मोठे संयंत्र बसवले आणि वाफेला काम उरले नाही, तर ते साध्या वीज केंद्रासारखेच उष्णता वाया घालवू लागते. औद्योगिक वसाहतीत शेजारच्या कारखान्यांनी वाफेची देवाणघेवाण केली, तर हा असमतोल कमी होऊ शकतो. त्यासाठी मात्र दीर्घ मुदतीचे करार आणि परस्परविश्वास लागतो.

लहान उद्योजकापुढील प्रश्न बहुधा तंत्रज्ञानाचा नसतो. भट्टी काही आठवडे बंद ठेवण्याची त्याची ऐपत नसते, बँक तारणाशिवाय कर्ज देत नाही आणि दुरुस्तीसाठी प्रशिक्षित माणूस जवळपास मिळत नाही. उर्जा सेवा कंपनीने स्वतः गुंतवणूक करायची आणि बचतीतून ती वसूल करायची, हा पर्याय त्यासाठी पुढे आला आहे. बचत नेमकी किती झाली, याचे दोन्ही पक्षांना मान्य होईल असे मोजमाप हा या पद्धतीचा कणा आहे.

राष्ट्रीय पोलाद धोरण, २०१७ मध्ये देशाची पोलाद उत्पादन क्षमता २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. एकदा बांधलेली भट्टी काही दशके चालते. उष्णता पुनर्प्राप्तीची व्यवस्था मूळ आराखड्यातच असेल, तर तिचा खर्च प्रकल्पाच्या एकूण खर्चात सामावून जातो. नंतर बसवायची झाल्यास जागा अपुरी पडते, उत्पादन थांबवावे लागते आणि खर्च वाढतो. त्यामुळे येत्या काही वर्षांत मंजूर होणाऱ्या नव्या प्रकल्पांचे आराखडे पुढील पिढीच्या इंधनखर्चाचाही निर्णय करणार आहेत.